कोण मेलं, मास्तर?

माझ्या हातात कागदांची गुंडाळी दिसली की अक्का चष्मा कपाळावर सारायच्या आणि विचारायच्या, "कोण मेलं, मास्तर?"

कथा कशी झालीय, पानं किती, कधीपर्यंत पाहिजे, हे सगळं मागाहून. आधी मयत कुणाचं ते सांगायचं. समोर लग्नपत्रिका छापायला आलेलं गिऱ्हाईक बसलेलं असेल तर ते दचकून उठायचं. एकदा एका नवरीच्या मामानं माझे दोन्ही हात हातात घेऊन "लई वाईट झालं बघा" असं म्हटलं, आणि मीही सवयीनं मान खाली घालून "वयही फार नव्हतं हो" असं सांगून मोकळा झालो. खोटं नव्हतं ते. माझ्या नायिकेचं वय खरंच फार नव्हतं.

मी भूगोलाचा मास्तर. पोरांना नद्या शिकवतो आणि उरलेल्या वेळात कथा लिहितो. दोन्हीकडं शेवट ठरलेला. नदी समुद्राला मिळते, नायिका मरते. ती फार सोसायची, आणि मग शेवटच्या परिच्छेदात खिडकी उघडी असायची, पडदा हलायचा, एखादं पाखरू उडून जायचं, तिच्या चेहऱ्यावर शांतता पसरायची आणि 'ती आता सुटली होती' हे माझं ठेवणीतलं वाक्य यायचं. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझ्या कथा आवडत. त्यांना कथा टाइप करून लागे आणि मला टाइप करता येत नसे, म्हणून मी अक्कांच्या दुकानाची पायरी चढलो.

साखर पेठेतल्या एका बोळात, घराच्या पुढच्या खोलीतच ते दुकान होतं. अक्कांचं माहेर अक्कलकोटकडचं. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि मधेच वीज गेली की दोन्ही एकदम. मूळचा छापखाना त्यांच्या यजमानांचा, अण्णांचा. खिळे जुळवून छापायचा जुना धंदा. अण्णांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा अक्कांनी यंत्र भंगारात घातलं, कॉम्प्युटर शिकून घेतला आणि धंदा पुढं चालू ठेवला. दुकानाच्या मागं फुलाफुलांचा पडदा होता. पडद्यामागं खाट होती. खाटेवर अण्णा होते.

उत्तरकार्याच्या पत्रिका छापायला खूप लोक यायचे. अक्का सगळं छापायच्या, फक्त 'या यातनांतून मुक्त झाले' असं कुणी लिहून आणलं की ती ओळ गाळायच्या. "'लिंगैक्य झाले' म्हणा, 'देवाघरी गेले' म्हणा, नुसतं 'वारले' म्हणा. मुक्त कुणी केलं त्यांना? तुम्ही बांधलं हुतं काय?" मयताच्या घरचा माणूस वाद कुठं घालणार?

माझ्या कथांशी मात्र त्या वाद घालायच्या. "ओ मास्तर, तुमच्याकडं मेलं की तोंडावर शांतता पसरती, ही कुटनं येती ओ? मी सासू बघितली, सासरे बघितले. माणूस मेलं की तोंड उघडं पडतंय. हनुवटीखालनं फडकं बांधून वर गाठ मारावी लागती. ते लिहा की एकदा." मी म्हणायचो, "अक्का, वाङ्मयात फडकं बसत नाही." त्या म्हणायच्या, "मग खोटं तरी नीट बोला. पान चारवर मेलेली जाऊ पान सातवर चहा करतीया." मी कागद ओढून बघितला. करत होती. आलं घालून. अक्का म्हणाल्या, "बघा, तिलाच पटलेलं न्हाई."

आता माझ्या साहित्यिक कारकिर्दीतला सर्वांत मोठा पराक्रम सांगतो. मी एक कथा लिहिली. एक बाई. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. ती वर्षानुवर्षं त्याचं करते, त्याला भरवते, पुसते, कूस बदलते, आणि एके पहाटे तीच मरते. खिडकी, पडदा, पाखरू. ही कथा मला कशी सुचली हे साखर पेठेतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण मला वाटलं, मी नायिकेला दुकानाऐवजी शिलाई मशीन दिलंय, तेव्हा कुणाला कळणार नाही. आणि ती कथा टाइप करायला मी अक्कांकडंच नेऊन दिली. त्या दिवशी त्यांनी "कोण मेलं?" विचारलं नाही. पानं चाळली, शेवटचं पान जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "शनवारी न्या."

शनिवारी कागद उचलून मी थेट आमच्या साहित्य मंडळाच्या सभेत गेलो. कथा वाचायला उभा राहिलो. आवाज कापरा करायची माझी एक पद्धत आहे, ती वापरली. पुढच्या रांगेतल्या एक बाई पदर डोळ्यांना लावून तयार होत्या. मी वाचलं, "पहाट झाली. तिला उठवेना. छातीत कळ आली. तरी ती उठली. तिनं नवऱ्याच्या तोंडाला पाण्याची वाटी लावली," आणि पान उलटलं तर पुढं पान नव्हतं. मी मागचं बघितलं, खालचं बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. नायिका वाटी घेऊन उभी. शेवटी मागून एकानं विचारलं, "मग?" मी म्हणालो, "मग... पाणी प्यायले ते." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माझ्या धाडसी, मोकळ्या शेवटाचं तोंड भरून कौतुक केलं. मी ते नम्रपणे स्वीकारलं. माझ्याइतकी नम्रता भल्याभल्यांना जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं दुकानात गेलो. "अक्का, शेवट कुठंय?"

"टाइप केला न्हाई."

"का?"

"हात चालंना." त्यांनी मशीन बंद केलं, पडदा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "या हिकडं. बाईला मारलीत. सुटली म्हणालात. आता मला सांगा, ती सुटल्यावर ह्यांना पाणी कोण देणार? तुमची कथा संपली की ओ मास्तर. ह्यांची पाण्याची येळ झालीया."

अण्णा खाटेवरून माझ्याकडं बघत होते. इतकी वर्षं मी त्या दुकानात येत होतो आणि पडद्याच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी भूगोलाच्या मास्तरासारखी खिडकीची दिशा बघितली. खिडकी पश्चिमेला होती आणि बंद होती.

"बघत काय राहताय? हात लावा," अक्का म्हणाल्या.

तेव्हापासून शाळा सुटली की मी तिथं जायला लागलो. काम एकच, अण्णांना बसवायचं. दोघांनी दोन्हीकडून धरायचं, पाय खाटेवरून खाली सोडायचे, पाठीला उश्या लावायच्या. ते झालं की अक्का उश्या एकेक करून काढून घ्यायच्या आणि आपला तळवा अण्णांच्या खांद्यामागं धरायच्या. टेकवायच्या नाहीत. बोटभर अंतर ठेवायच्या. "बसा. मी हाय," म्हणायच्या. अण्णा ज्वारीच्या पोत्यासारखे उजवीकडं कलायचे आणि तळव्यावर यायचे. पुन्हा सरळ. पुन्हा बोटभर. पुन्हा उजवीकडं. अण्णांच्या कपाळावर घाम यायचा.

"ह्यांनी सगळा जन्म यंत्रापुढं उभ्यानं काढला," अक्का सांगायच्या. "जरा बसा म्हटलं की म्हणायचे, बसायला कुणाला येळ हाय? आता येळच येळ हाय, तर बसता येईना. मला दुसरं काय नको मास्तर. चालू नकात, बोलू नकात. एकदा माझ्या हाताबिगर बसलेलं बघू दे."

मी या कामात काही फार उजेड पाडला नाही. पहिल्याच दिवशी मी अण्णांना उचलायला गेलो आणि त्यांच्याबरोबर स्वतःच खाटेवर आडवा झालो. एकदा त्यांचे पाय सोडायच्या गडबडीत त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. अण्णांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी घाबरलो. अक्का म्हणाल्या, "हसतायत ते. लई दिसांनी."

अक्कलकोटच्या नणंदबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. दारातूनच भावाकडं बघून डोळे पुसायच्या आणि वर हात करून म्हणायच्या, "शिवा, बिडुगडे आगली रे." म्हणजे सुटका होऊ दे रे. भावावर त्यांचा जीव होता, त्यात शंका नाही. अक्का चहाची कपबशी त्यांच्यापुढं आदळायच्या. "कसली बिडुगडे वन्सं? जेलात हायत काय ते? घरात हायत." नणंदबाई मला म्हणायच्या, "तुमी तर शिकलेले. तुमी तरी सांगा हिला, किती हाल करायचे जिवाचे?" मी चहा प्यायचो. ज्या वाक्यावर माझी सगळी साहित्यसेवा उभी होती ते वाक्य त्या बाई बोलत होत्या, आणि अण्णांना ऐकू येत होतं. झटक्यानं त्यांची वाचा गेली होती, कान नव्हते गेले.

मग तो दिवस आला, आणि तोही मी नासवला. अण्णांना बसवलं होतं. तेवढ्यात दुकानात कुणीतरी पत्रिकेतली चूक घेऊन भांडायला आलं, म्हणून अक्का मला "हात धरा, आले" म्हणून बाहेर गेल्या. मी तळवा धरून बसलो. आणि माझा मोबाइल वाजला. फोन मुख्याध्यापकांचा होता. मुख्याध्यापकांचा फोन आला की माझे दोन्ही हात आपोआप खिशाकडं जातात. गेले. फोन बाहेर काढला आणि वर बघितलं, तर अण्णा बसलेले.

मागं हात नाही, उशी नाही, काही नाही. माणूस बसला होता.

मी ओरडलो, "अक्का!" इतक्या जोरात ओरडलो की भांडायला आलेलं गिऱ्हाईकही गप्प झालं. अण्णा दचकले आणि उजवीकडं कोसळले. माझ्या ओरडण्यामुळं पडले की पडायचेच होते, ते मला आजही सांगता येत नाही. अक्का पडद्यातून आत आल्या तेव्हा अण्णा आडवे होते आणि माझ्या हातातल्या फोनमधून मुख्याध्यापक "हॅलो, हॅलो" करत होते.

"अक्का, बसले होते ते. स्वतःहून."

अक्कांनी त्यांची मान उशीवर सरळ केली. तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पदरानं पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पडले तर पडले म्हणा की मास्तर. माझ्यापुढं शेवट गोड करू नका."

मी शपथ घेतली. पोराबाळांची घेतली. पण ज्यानं इतक्या बायकांना मारून त्यांच्या तोंडावर शांतता पसरवली, त्याच्या शपथेला काय किंमत? मी अण्णांकडं बघितलं. सांगा की हो, म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. नंतरही केला. ते पुन्हा कधी बसले नाहीत.

उन्हाळ्यात छातीत कफ भरला आणि एका दुपारी अण्णा गेले. अक्कांनीच त्यांच्या हनुवटीखालून फडकं बांधलं.

त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. अंग आखडायच्या आत मांडी घालून बसवावं लागतं. जंगम स्वामी आले, भाऊबंद आले. अण्णांना अंघोळ घातली, कपाळभर विभूती लावली, गळ्यात हार घातले आणि सजवलेल्या लाकडी बैठकीवर भिंतीला टेकवून बसवलं. ताठ बसले होते अण्णा. नणंदबाई हंबरडा फोडून म्हणाल्या, "सुटला ग माझा भाऊ! बघ कसा बसलाय! सुटला आणि बसला!"

सगळीकडं माना डोलल्या. माझीही डोलली असावी. अक्का कोपऱ्यात होत्या. त्या उठून आल्या, अण्णांच्या पाठीमागं हात घालून त्यांनी चाचपून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बसले न्हाईत. बसवलंय. मागनं बांधलंय त्यांना." मग पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसल्या. त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नाही.

त्यानंतर जो येई तो त्यांना सांगे, "अक्का, ते सुटले, तुम्हीही सुटलात. आता जरा फिरा, लेकीकडं पुण्याला जा." अक्का कुठं गेल्या नाहीत. दुकान उघडायच्या. पण संध्याकाळी, आमची बसवायची वेळ झाली, की त्यांचे हात कीबोर्डवरून उठायचे आणि मांडीवर नुसते पडून राहायचे. त्या मोकळ्या हातांकडं बघवत नसे.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या दिवशी काय झालं हुतं? सांगा परत."

मी सांगितलं. अण्णा सरळ बसले होते, खिडकीतून उन्हाची तिरीप त्यांच्यावर आली होती, चेहऱ्यावर एक शांत...

"घातलीत का शांतता?" त्या म्हणाल्या. "आनि खिडकी बंद असती ती. उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी मी ऊन काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो की ते दाराकडं बघत होते, तुमचीच वाट बघत असणार. "असणार म्हंजे? तुमी बघितलं का मनानं घातलं?" मनानं घातलं होतं. तेही काढलं. असं रोज चालायचं. मला कुठल्या संपादकानं इतकं छाटलं नाही. शेवटी माझ्याकडं एवढंच उरलं: "मी हात काढला. ते बसले होते. डावा हात मांडीवर होता. कपाळाला घाम होता. मी ओरडलो. ते पडले."

अक्कांनी मोकळे हात परत कीबोर्डवर ठेवले. मग म्हणाल्या, "असंल." त्याहून जास्त त्यांनी मला काही दिलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. लेक पुण्याहून आली. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणून घरीच ठेवलं. अक्का वाळत गेल्या. दुखायला लागलं की त्या कानडीत ओरडायच्या, आणि ते ओरडणं बोळात ऐकू यायचं. एका दुपारी लेक औषध आणायला गेली होती आणि मी खाटेपाशी बसलो होतो. त्या विव्हळत होत्या. माझ्या मनात आलं, देवा...

अक्कांनी डोळे उघडले. "मास्तर, तोंडावर आलंय तुमच्या. गिळा."

मी गिळलं.

"मला उठवा. बसायचंय."

मी त्यांना उठवलं. एव्हाना मला ते काम जमत होतं. पाय खाली सोडले, उश्या लावल्या. "उश्या काढा," त्या म्हणाल्या. काढल्या. खांद्यामागं तळवा टेकवला. त्यांनी मान वळवून माझ्याकडं जसं बघितलं, तसं त्या फक्त माझ्या शेवटच्या पानाकडं बघायच्या. "हात काढा."

मी हात बोटभर मागं घेतला.

अक्कांचे दात आवळले गेले. मानेच्या शिरा वर आल्या. त्या उजवीकडं कलल्या आणि माझ्या तळव्यावर आल्या. पुन्हा सरळ केलं. पुन्हा कलल्या. पुन्हा. तेवढ्यानं त्यांना धाप लागली. मी त्यांना आडवं केलं. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं वाहत होतं, आणि अण्णा गेले तेव्हाही न बघितलेलं ते पाणी मी पहिल्यांदाच बघत होतो.

"लई अवघड हाय की ओ हे," त्या म्हणाल्या. "मला एवढी धडधाकट दोनी अंगं हायत तरी येईना. ते अर्ध्या अंगानं बसले." जरा वेळानं स्वतःशीच म्हणाल्या, "बसले म्हंजे लईच केलं त्यांनी."

आठवडाभर त्यांनी फार सोसलं. ते मी इथं सजवून सांगणार नाही. त्या गेल्या तेव्हा तोंड उघडं होतं. लेकीला सुचेना, म्हणून फडकं मी बांधलं. वर गाठ मारली.

आता मी कथा लिहितो त्या कुठंतरी मधेच थांबतात. संपादक साभार परत पाठवतात. एकानं तर विचारलंय, शेवटचं पान पाठवायचं राहिलं का? मी कळवलं, ते पान टाइप करायला हात चालत नाही.

गेल्या त्या दिवशी अक्कांनाही बसवलं. त्याच दुकानात, मशीन एका अंगाला सारून. विभूती, बेलाची पानं, हार. नणंदबाई आता फार थकल्या होत्या, तरी आल्या. "सुटली ग बाई," म्हणाल्या. भाऊबंदांनी बैठक उचलली. उंबरा ओलांडताना एका बाजूच्या भाऊबंदाचा खांदा जरा खाली गेला, बैठक हलली, आणि अक्कांची मान उजवीकडं कलली.

मी मागंच होतो. माझा तळवा आपोआप त्यांच्या खांद्यामागं गेला.

"मास्तर, हात काढा," जंगम स्वामी मऊ आवाजात म्हणाले. "पडणार न्हाईत त्या. बांधलंय."

मी हात बोटभर मागं घेतला. आणि बोळाच्या तोंडापर्यंत तसाच धरून चालत राहिलो.